गच्चीवरचा प्रश्नोत्तराचा तास

"ह्या घराण्यानं निजामाला जाब विचारलेला हाय!" तात्यासाहेबांनी गच्चीवरच्या वेताच्या खुर्चीत ताठ बसून जाहीर केलं. "सवाल करणं आपल्या रक्तात हाय. बन्सी, परवा नागपूरला तू उभा राहशील, तवा तुझ्यामागं तुझा आजा उभा असंल!"

वाक्य संपता संपता त्यांच्या कवळीत तुरीच्या शेंगेचं साल अडकलं आणि पुढचा इतिहास काही काळ तहकूब झाला.

तो इतिहास घरात सगळ्यांना ठाऊक होता, फक्त जरा निराळा ठाऊक होता. तात्यासाहेबांचे वडील विहिरीचा तंटा घेऊन तहसिलीत गेले होते. तहसीलदार जेवायला गेलेला. हे लिंबाखाली बसून राहिले. दिवस कलल्यावर तहसीलदार बाहेर आला, "कौन है?" म्हणाला, आणि वडिलांनी "कोणी नाय, सरकार," म्हणून घरची वाट धरली. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध असावा, ही समजूत तात्यासाहेबांनी लोणच्यासारखी वर्षानुवर्षं मुरवत आणली होती.

बन्सी, त्यांचा धाकटा, आमदार होऊन तिसरं वर्ष लागलं होतं. सभागृहात तो आजवर एकदाच उभा राहिला होता, तेही शेजारच्या सदस्याला बाहेर जायचं होतं म्हणून. पण या हिवाळी अधिवेशनात नशिबानं त्याचं दार ठोठावलं. प्रश्नांच्या सोडतीत त्याचा प्रश्न पहिला निघाला. तोही तारांकित. म्हणजे मंत्र्यानं समोर उभं राहून, तोंडानं उत्तर द्यायचं, आणि मग बन्सीनं त्यावर आणखी उपप्रश्न विचारायचे. विषय मुकुंदवाडीच्या पाण्याच्या टाकीचा. ही टाकी शहराच्या आराखड्यात कैक वर्षांपासून होती आणि आराखड्याबाहेर कुठंच नव्हती.

त्याची तालीम व्हायलाच हवी, असा तात्यासाहेबांचा हुकूम निघाला. म्हणून डिसेंबरातल्या त्या रविवारी सकाळी चिकलठाण्याच्या बंगल्याच्या गच्चीवर, उन्हात, उकडलेल्या तुरीच्या शेंगांच्या टोपल्याभोवती हे सभागृह भरलं होतं. बन्सीला संध्याकाळी जीपनं निघायचं होतं.

"दादा, ते साल निघालं का?" चतुराबाईनं विचारलं.

चतुराबाई म्हणजे तात्यासाहेबांची धाकटी बहीण. मुकुंदवाडीत रेल्वेलाइनच्या अंगाला तिच्या दोन खोल्या आणि म्हशींचा गोठा. नवरा गेल्यावर तिनं त्या गोठ्याच्या जोरावर पोरी उजवल्या, आणि भावाकडून ताकाशिवाय काही घेतलं नाही. तेही बदल्यात दूध देऊन. आठवड्यापूर्वी तिच्याकडं मोजणीवाले आले. त्यांनी गोठ्याभोवती चुन्याच्या रेघा मारल्या आणि "इथं टाकी होणार, बाई, गोठा हलवा," असं सांगून चहा पिऊन निघून गेले. चतुराबाई तडक भावाकडं आली. भाऊ म्हणाला, "घाबरतीस कामून? तुझा भाचा आमदार हाय. तो असा गरजंल का सरकार थंडीत घामंजंल." त्या गर्जनेचा नमुना ऐकायला तिला आज मुद्दाम बोलावलं होतं. ती कठड्यालगत दुधाची बरणी शेजारी ठेवून बसली होती आणि बन्सीकडं मोठ्या भरवशानं बघत होती.

हा भरवसाच बन्सीला सोसवत नव्हता.

त्याचं कारण काल दुपारी आलेला एक फोन होता. बन्सीचे प्रश्न लिहायचं काम बद्रीनाथकडं असे. बद्रीनाथ हा शाळामास्तर, बन्सीच्या निवडणुकीपासून रजेवर. वर्तमानपत्रातून बातमी कापायची, तिच्यापुढं 'हे खरे आहे काय' लावायचं की झाला प्रश्न, ही त्याची पद्धत. शिवाय प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी तो एक शेपूट जोडी: 'असल्यास, सदर बदल कोणाच्या विनंतीवरून करण्यात आला?' काही बदल झालेला असो वा नसो. या शेपटामुळं कुठलाही प्रश्न विंचवासारखा दिसतो, असं त्याचं मत होतं. मेंढ्यांच्या लसीच्या प्रश्नालाही त्यानं ते लावलं होतं.

टाकीच्या प्रश्नालाही लावलं. आणि काल खात्यातला एक कारकून फोनवर अदबीनं विचारत होता, "साहेब, उत्तर तयार आहे. टाकीची जागा बदलली हे खरं आहे. विनंती कोणाची होती तेही फाइलीत आहे. 'सन्माननीय सदस्यांच्या थोरल्या बंधूंच्या' असं लिहू, की नाव घालू?"

बन्सीनं रिसीव्हर ठेवला आणि थोरल्या बंधूंना गाठलं.

सांडूनं कबूल व्हायला फार वेळ लावला नाही. मूळ आराखड्यात टाकीचा निळा ठिपका त्यांच्याच रस्त्याकडच्या वावरावर होता. ठिपका पडला की त्या जागेत दुसरं काही बांधता येत नाही, आणि सांडूला तर तिथं मंगल कार्यालय काढायचं होतं. म्हणून तो नकाशे ठेवतात त्या ऑफिसात गेला. साहेब भला माणूस होता. त्यानं नकाशा पसरला आणि म्हणाला, "मग कुठं नेऊ टाकी? तुम्हीच दाखवा." सांडूनं बोट ठेवलं. सांडूचं बोट म्हणजे गाजर. नकाशात त्या बोटाखाली अर्धी मुकुंदवाडी झाकली गेली. बोटाच्या पेराखाली नानासाहेबांची जमीन होती. हे नानासाहेब गेल्या निवडणुकीत बन्सीच्या विरोधात उभे होते, त्यामुळं तिथं टाकी होणं हे सांडूच्या मते सार्वजनिक हिताचं होतं. पण साहेबानं पेर धरलं नाही. त्यानं नखाच्या टोकाशी पेन्सिल टेकवली. आणि नखाखाली आत्याचा गोठा होता.

"मग आता?" बन्सीनं काल विचारलं होतं.

"आता तू इचारू नको," सांडू म्हणाला होता.

"प्रश्न पहिला हाय, भाऊ! मी नाय उठलो तर दुसरा कोणी उठंल. अन पेपरवाले म्हणतील, आमदार कुठं गेला?"

"मग असा इचार, की उत्तरच येऊ नये."

यावर दोघा भावांचं एकमत झालं होतं, आणि बद्रीनाथनं रात्रीतून शेपूट तोडून नवे, निरुपद्रवी उपप्रश्न लिहून आणले होते. शेपटासकट आधीच खात्यात गेलेल्या प्रश्नाच्या छापील उत्तराचं काय, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानं आपण होऊन सांगितलं नव्हतं.

साल निघालं. तात्यासाहेबांनी कवळी बसवली आणि कामकाज पुकारलं.

"अध्यक्ष मी. बन्सी सदस्य. सांडू सत्ताधारी बाकावर, गप बसायचं. बद्रीनाथ सचिव. चतुरा, तू प्रेक्षक गॅलरी. आता मंत्री कोण?"

"मी होतो की," बद्रीनाथ म्हणाला.

"तुला जमायचं नाय. तू मास्तर माणूस, इचारलं की उत्तर देशील. आशाबाई मंत्री!"

सांडूची बायको आशाबाई शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "मामा, मला ह्यातलं काय कळतं?"

"वहिनी, मंत्र्याला चारच उत्तरं लागतात," बद्रीनाथ म्हणाला. "होय, हे खरे आहे. नाही. हे अंशतः खरे आहे. आणि प्रश्न उद्भवत नाही."

"एवढंच? मग लग्न झाल्यापासून मी दुसरं काय करते?"

"अन एक कायदा ध्यानात ठेवा," बद्रीनाथ पुढं म्हणाला. "सभागृहात एकमेकांशी सरळ बोलायचं नाही. जे बोलायचं ते अध्यक्षांकडं बघून."

हा कायदा ऐकून सांडू खाली बघून हसला. कारण गेल्या वर्षीच्या दिवाळीत चतुराबाईनं पाहुण्यांदेखत आशाबाईच्या अनारशाला "भिंत बांधायच्या कामाचं" म्हटलं होतं, आणि तेव्हापासून या दोघी एकमेकींशी सरळ बोलत नव्हत्या. "दादा, तिला सांग दूध उतू चाललंय," "मामा, त्यांना सांगा दिसतंय मला," असं सगळं तात्यासाहेबांच्या मार्फत चालायचं. संसदीय पद्धत या दोघींनी वर्षभर घोटून पाठ केली होती.

बन्सीनं कागद धरला, खाकरला आणि आवाज लावला. "अध्यक्ष महोदय! मुकुंदवाडी येथील नियोजित पाण्याच्या टाकीचे काम अनेक वर्षे रखडले आहे, हे खरे आहे काय?"

"अंशतः खरं हाय," आशाबाई शेंग फोडत म्हणाली.

"म्हणजे काय?"

"काम रखडलं नाय. सुरूच झालं नाय. सुरू झाल्याबिगर रखडंल कसं?"

"वा!" तात्यासाहेबांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "सदस्यांनी पुढचा प्रश्न इचारावा."

"असल्यास, सदर काम केव्हा पूर्ण होईल?"

"लवकरात लवकर."

"लवकरात लवकर म्हणजे केव्हा, अध्यक्ष महोदय?"

"गिरणीत दळण टाकलंय. ते सत्ताधारी बाकावर बसल्याले मंगळवारपासून आणतो म्हणत्यात. ते येईल तवा."

सांडूनं दोन्ही हातांनी एक शेंग सोलायला घेतली.

"विलंबाची कारणे काय आहेत?" बन्सीचा आवाज आता रंगात येत होता. असं उत्तरं न मिळणारं वातावरण त्याला मानवत होतं. असंच नागपुरात झालं तर सगळं ठीक होतं.

"प्रश्न उद्भवत नाही," आशाबाई म्हणाली.

बद्रीनाथनं समाधानानं कागदावर खूण केली. तीन उपप्रश्न निर्विघ्न पार पडले होते. टाकी होती तिथंच होती आणि कोणाचंही नाव आलं नव्हतं.

"दादा," कठड्याकडून आवाज आला.

"गॅलरीतून बोलता येत नाय, चतुरा."

"मग मला आत घे."

"आत यायला निवडून यावं लागतं."

"तुला खुर्सीवर कुणी निवडलं?"

अध्यक्षांनी यावर थोडा विचार केला. गच्चीवर थोरली खुर्ची ही एकच होती आणि ते तिच्यावर सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते, याहून भक्कम पुरावा त्यांना सापडेना.

"अध्यक्षांच्या खास अधिकारात," ते म्हणाले, "चतुराबाईला एक पुरवणी प्रश्न मंजूर."

"हरकतीचा मुद्दा!" बन्सी आणि बद्रीनाथ एकदमच ओरडले.

"फेटाळला," तात्यासाहेब म्हणाले. हा शब्द वापरायला मिळावा म्हणून ते सकाळपासून वाट बघत होते.

चतुराबाई उठली. तिनं पदर खोचला. "बन्सीनं इचारलं ते समदं खरं हाय. पण ते कोणीबी इचारंल. माझा सवाल असा की, टाकी पयली सांडूच्या रस्त्याकडच्या वावरात व्हती. समद्या मुकुंदवाडीला ठाऊक हाय. टाकीला पाय नसतात. मग ती तिथनं उठून माझ्या म्हशीवर येऊन कशी बसली? कोणी आणली? दादा, एवढं मंत्रीणबाईला इचार. मला दुसरं कायबी नको. माझा गोठा कोणी उठवला, त्याचं फक्त तोंड बघायचंय."

बन्सीनं भावाकडं पाहिलं. भावानं गिरणीच्या दिशेनं पाहिलं. तात्यासाहेबांनी, ज्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, खुशीत सुनेकडं पाहिलं. "मंत्र्यांनी उत्तर द्यावं."

आशाबाईला सगळं ठाऊक होतं. सांडू झोपेत बोलायचा, आणि मंगल कार्यालयाचा नकाशा ठरल्यापासून तर व्याख्यानंच द्यायचा. तिच्यापुढं आता तीन उत्तरं तयार होती. 'नाही' म्हणावं, नवरा वाचेल. 'अंशतः' म्हणावं, दीर वाचेल. 'उद्भवत नाही' म्हणावं, दुपारचा स्वयंपाक वेळेवर होईल. पण तिच्या डोळ्यांसमोर भलतीच गोष्ट येत होती. गोठा गेला तर आत्याबाई जाणार कुठं? मुली सासरी. म्हणजे इथंच. मागच्या खोलीत, म्हशींसकट. रोज पहाटे धारांचा आवाज, आणि रोज सकाळी तव्यावरच्या भाकरीवर एक अभिप्राय. अनारसे वर्षातून एकदा होतात. भाकरी रोज होते. तिनं आत्याबाईकडं एक चोरटी नजर टाकली, आणि तिला स्पष्ट दिसलं की आत्याबाईलाही नेमकी हीच भीती वाटते आहे. बारा-तेरा महिन्यांत दोघींचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत होतं.

आशाबाईनं शेंगांचं टोपलं बाजूला सारलं आणि उत्तर दिलं. नेमकं त्याच वेळी विमानतळावर उतरणारं मुंबईचं विमान बंगल्याच्या माथ्यावरून गेलं. सगळ्यांना तिचे हलणारे ओठ तेवढे दिसले.

"काय?" तात्यासाहेब ओरडले. "काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाल्या!" बद्रीनाथ ओरडला.

विमान गेलं. त्यानंतर जी शांतता होते, ती फार स्वच्छ असते. तीत आशाबाई सावकाश म्हणाली, "व्हय, हे खरं हाय. ह्यांनी आणली." आणि तिनं सत्ताधारी बाकाकडं बोट केलं.

पुढचा काही वेळ कामकाज कोणत्याच नियमात बसणारं नव्हतं. सांडू "आगं पण—" म्हणाला, बन्सी "वहिनी!" म्हणाला, बद्रीनाथनं "हे कामकाजातून काढून टाकावं," अशी सूचना मांडली. चतुराबाई मात्र हलली नाही.

"सांडू," ती म्हणाली. "माझ्या गोठ्यावर?"

"आत्या, तुझ्या गळ्याची आण, तुझ्यावर नव्हती टाकायची!" सांडूनं आपलं बोट पुढं केलं. "नानासाहेबाच्या वावरात टाकायची व्हती. हे बघ. हे पेर तिकडं व्हतं. त्या साहेबानं नख धरलं. माझं बोट जाड, त्याला मी काय करू?"

चतुराबाईनं बोट नीट पाहिलं. तिनं ते हातात घेऊन उलटसुलट केलं.

"म्हणजे नानासाहेबाच्या उरावर टाकी यायची व्हती?"

"एकदम बरोबर!"

"मग बेत वंगाळ नव्हता," ती म्हणाली, आणि क्षणभर दोघा भावांना वाटलं की सुटलो. "पण चुकून का होईना, गोठा माझा चाललाय. टाकी मूळ जागी ठिव."

"तिथं मंगल कार्यालय व्हतंय, आत्या."

"व्हतंय कुठं? नुसतं गवत हाय."

"बुकिंग घेतलंय म्या! वैशाखातली तारीख दिली बी."

"कुणाला?"

सांडू घुटमळला. "नानासाहेबाला. पोरीचं लगीन हाय त्याच्या."

बन्सीनं डोळे मिटून घेतले. राजकारणात आपण कुठं कमी पडतो, हे त्याला आजवर कळत नव्हतं.

सांडूनं शेवटचं पान टाकलं. तो वडिलांपुढं जाऊन उभा राहिला. "तात्या, म्या हे कुणासाठी करतोय? दारात कमान येणार. कमानीवर पितळी अक्षरात तुमचं नाव. तात्यासाहेब मंगल कार्यालय. जालना रोडनं जाणारा प्रत्येक माणूस वाचंल."

तात्यासाहेबांना हे नवं होतं. पितळी अक्षरं त्यांच्या डोळ्यांपुढं येऊन उन्हात लखलखायला लागली. आयुष्यभर त्यांनी घराण्याचं नाव तोंडानंच वाजवलं होतं. ते कुठं लिहिलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"दादा," चतुराबाई म्हणाली. या वेळी आवाज खाली आला होता. "माझा गोठा, का तुझी कमान? एवढं सांग. तू जे म्हणशील ते मी घेऊन जाते."

ती खरोखरच घेऊन गेली असती. हे गच्चीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि म्हणूनच कोणी तिच्याकडं बघत नव्हतं. तात्यासाहेबांनी बहिणीकडं पाहिलं. मग रस्त्याकडं पाहिलं, जिथं कमान होणार होती. मग पुन्हा बहिणीकडं. अध्यक्षाला मत नसतं, असं त्यांनी सकाळीच सर्वांना बजावलं होतं आणि आता त्यांना त्या नियमाचा आधार वाटत होता.

"सदर बाब," ते अखेर चष्मा पुसत म्हणाले, "विचाराधीन हाय."

चतुराबाईनं मान हलवली. तिनं दुधाची रिकामी बरणी उचलली आणि जिन्याकडं निघाली. ती रागावलेली नव्हती, हेच वाईट होतं.

"आत्याबाई," आशाबाई म्हणाली. "बसा."

सगळे चमकले. हे अध्यक्षांमार्फत आलेलं नव्हतं. हे सरळ आलं होतं. चतुराबाई जिन्याच्या तोंडाशी थांबली आणि आपल्यालाच हाक मारली ना, याची खात्री करून घेत मागं वळली.

"बसा म्हणते ना. शेंगा घ्या." मग आशाबाई सासऱ्याकडं वळली आणि अगदी भोळ्या चेहऱ्यानं म्हणाली, "मामा, मला एक सांगा. ही टाकी उंच किती असती?"

"तुला काय करायचंय?"

"उगाच. बद्रीनाथ भावजी, किती उंच?"

"चार-पाच मजले तरी," बद्रीनाथ म्हणाला.

"अन तिच्यावर नाव लिवतात का कुणाचं?"

"लिहितात ना. कुणी जागा दिली असंल तर त्याचं नाव. चारी बाजूंनी."

"चारी बाजूंनी," आशाबाईनं हळूच पुन्हा म्हटलं आणि शेंग सोलायला घेतली. "कमानीचं काय, एकाच बाजूनं दिसती. वरातीत तर झेंडूच्या माळाखाली झाकूनच जाती."

तात्यासाहेबांनी चष्मा पुसायचा थांबवला.

"मुकुंदवाडी स्टेशनवरनं दिसंल का?" त्यांनी कोणाकडंही न बघता विचारलं.

"स्टेशनवरनं?" चतुराबाई आता बसली होती. तिनं शेंग तोडली. भावाला ती लहानपणापासून ओळखत होती आणि भाचेसुनेचा डाव तिला सालापासून दाण्यापर्यंत कळला होता. "दादा, मनमाडकडनं येणारी गाडी वळण घेती ना, तिथनंच दिसंल. खिडकीतला माणूस इचारंल, हे तात्यासाहेब कोण म्हणून."

"अन आत्ता गेलं त्या इमानातनं?" आशाबाईनं पुष्टी जोडली.

"इमानातनं तर वरचं झाकणच दिसंल," सांडू कडवटपणे म्हणाला.

"झाकणावर बी लिवता येईल," बद्रीनाथ म्हणाला. वारा कुठं वळतोय हे मास्तरच्या ध्यानात आलं होतं.

तात्यासाहेब उठून उभे राहिले. "अक्षरं केवढी येतील?"

"माणसाएवढी," दोघी बायका एकदम म्हणाल्या, आणि मग एकमेकींकडं बघून घाईनं दुसरीकडं बघायला लागल्या.

"अध्यक्षांचा निर्णय," तात्यासाहेबांनी पुकारलं, "टाकी आपल्या वावरात! बहिणीच्या डोक्यावरचं छप्पर काढून कमान उभारणारं हे घराणं नव्हं. ह्या घराण्यानं निजामाला—"

"तात्या, अन नानासाहेबाच्या पोरीचं लगीन?" सांडू कळवळून म्हणाला.

"गवतात लाव. मांडव टाक."

आता फक्त बन्सी उरला होता. तो कठड्याला टेकून उभा होता, आणि त्याच्या डोक्यात आयुष्यातला पहिला राजकीय विचार आकाराला येत होता. मंत्री उत्तर वाचणार: जागा सन्माननीय सदस्यांच्या बंधूंच्या विनंतीवरून बदलली. सगळे हसणार. आणि तेव्हाच बन्सी उठणार.

"बद्रीनाथ," तो म्हणाला, "ते शेपूट परत लाव."

"साहेब?"

"लाव म्हणतो! भाऊ, माफ कर, पण तुझं नाव येऊ दे." बन्सीनं कागद चुरगाळून फेकला, छाती भरून घेतली आणि उजवा हात आकाशाकडं नेला. "अध्यक्ष महोदय! होय! हे खरे आहे! माझ्याच भावाने हे केले! आणि म्हणून मी आज या सभागृहात जाहीर करतो, की ती टाकी आमच्याच शेतात बांधा! आमच्या बापजाद्यांच्या मातीत बांधा! पण एका विधवेच्या गोठ्याची एक वीटही हलवाल, तर मुकुंदवाडीची जनता या सरकारला जाब विचारल्याशिवाय राहणार नाही!"

आवाज इतका लागला की शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. खाली रस्त्यावर एक रिक्षावाला थांबला. सांडूच्यासुद्धा अंगावर काटा आला, आणि हे आपल्याच विरुद्ध आहे याची त्याला जरा उशिरा आठवण झाली. तात्यासाहेबांचे डोळे भरून आले. त्यांना लिंबाखाली बसलेला आपला बाप उठताना दिसला.

बन्सी त्याच भरात आत्यासमोर येऊन उभा राहिला. बद्रीनाथनं पेन उघडलं.

"आत्या, आता बोल! परवा सगळं सरकार माझ्यापुढं उभं असंल. तुझ्या वतीनं आणखी काय विचारू? काहीही माग. लाजू नको."

सगळी गच्ची चतुराबाईकडं बघत होती. तिनं हातातली शेंग संपवली, साल टोपल्यात टाकलं आणि थोडा विचार केला.

"टाकी व्हईल तवा व्हईल," ती म्हणाली. "आमच्या गल्लीत नळाला पाणी बुधवारी येतं का गुरवारी, एवढं तेवढं इचारून ये. दोन्ही दिस घरी बसून ऱ्हावं लागतं. अन मंत्र्याला नसंल ठावं तर ऱ्हाऊ दे बाबा, मी लाइनमनलाच इचारते."